करंगळीच्या बाजूचं हाड

नागपूर
३ डिसेंबर २०२४

अंजू,

आशीर्वाद बिशीर्वाद मागून. आधी सांग, तुझा फोन कुठे मेला? पंधरा दिवस झाले लावून राहिली, बंद. मनिषले विचारलं तं म्हणते विहिरीत पडला. मायले विचारलं तं म्हणते डिंपलनं आपटला. एका फोनले दोन मरणं कशी आली बाप्पा? शेवटी पोस्टात जाऊन पाकीट आणलं. घरच्या पत्त्यावर टाकलं असतं तं मनिषनं आधी फोडलं असतं. माझा भाऊ असला तरी सांगते, लहानपणापासून त्याले दुसऱ्याच्या चिठ्ठ्या फोडायची खोड आहे. म्हणून शेजारच्या शकुनबाईच्या नावानं पाठवून राहिली. उत्तरही तिच्याच हातानं टाक.

आता कामाचं. तू लोकायले सांगते, आमची नणंद नागपूरले कम्प्युटरवर बसते. बसते, पण नुसती बसत नाही. ठिकठिकाणच्या दवाखान्यायच्या फाईली आमच्या ऑफिसात येतात. कोणतं हाड मोडलं, प्लेट टाकली का सळई टाकली, त्या एकेका गोष्टीले नंबर असते. तो नंबर मी टाकते, मंग विमा कंपनी बिल पास करते. सगळ्यात शेवटी कारणाचा रकाना असते. हाड कशानं मोडलं? पडला त्याचा वेगळा नंबर, गाडीनं उडवला त्याचा वेगळा, कोणी मारलं त्याचा वेगळा.

काल दुपारी भंडाऱ्याच्या दवाखान्याची एक फाईल उघडली. बाई, वय एकोणतीस, डावा हात, कोपर आन मनगटाच्या मधलं हाड, एक प्लेट, सहा स्क्रू. नाव वाचलं तं अंजू मनिष, राहणार आंधळगाव! माझ्या भावजयीचं ऑपरेशन झालं आन मले कम्प्युटरनं सांगितलं. एवढी का मी परकी झाली वो? घरच्या माणसाची फाईल आम्ही करायची नाही असा नियम आहे. पण लग्नानंतर माझं आडनाव बदललं, इथं कोणाले समजत नाही, आन तुझी फाईल दुसरीच्या हाती द्यायचं मन झालं नाही.

आता गंमत ऐक. डॉक्टरच्या कागदावर लिहून आहे, "१८ नोव्हेंबरला रोवणी करताना शेताच्या धुऱ्यावरून घसरून पडली." मी एकटीच हसली. नोव्हेंबरात रोवणा? धानाचं रोप लावायचं काम तं पावसाळ्यातलं. नोव्हेंबरात धान कापून भाऱ्यायचे पुंजणे रचून असतात. नागपूरच्या पोरीयले काय समजते त्यातलं, पण मी आंधळगावची आहे. कोणत्या भैताडानं सांगितलं डॉक्टरले? मी फाईल थांबवून ठेवली. महिनाअखेरपर्यंत थांबवता येते. नेमकी कुठं आन कशी पडली ते लिही, म्हणजे डॉक्टरकडून दुरुस्त करून घेते.

हात दुखते काय? उजव्या हातानं लिहायले तं काही झालं नाही ना?

तुझी,
शुभांगी

---

आंधळगाव
१० डिसेंबर

आदरणीय ताई,

अंजूचा नमस्कार. तुमचं पत्र शकुनबाईनं पदराखाली लपवून आणून देल्लं. उजवा हात चांगला आहे. डाव्याले पट्टी आहे, बोटं सुजून आहेत. डिंपल आता आपली आपण वेणी घालून घेते. वाकडी घालते, पण घालते. सहा वर्षाच्या पोरीले तेवढं बम झालं.

तुमाले कळवलं नाई यात माझी चूक नाई. घरात म्हणे, ताईले कायले ताप द्याचा. डॉक्टरनं विचारलं तवा हे बाजूले उभे होते, त्यायनंच सांगतलं. गडबडीत रोवणा निंगून गेलं तोंडातून. मी रोवणा करताना नाई पडली. धानाचे भारे बैलबंडीवर रचत होती, बंडीवरून पडली. खाली दगड होता. दुरुस्त करायचं असन तं तसं करा, पण पडली असंच लिहा. पोलिसबिलीस नका आणू त्यात, ताई. हे वरठीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे जातात, रोज गाडीनं जानं-येनं आहे, त्यायची नोकरी गेली तं आमाले कोण पोसन. विमा बी तिथूनच आहे.

तुमी भेटायले नका येऊ. इकडे थंडी गंज आहे.

मायची तब्येत बरी आहे. टोंगळे दुखतात, बसता-उठता येत नाई म्हणतात.

तुमची,
अंजू

---

नागपूर
१४ डिसेंबर

अंजू,

बंडीवरून पडली म्हणते, ठीक. पण पोलिस कुठून आले त्यात? मी पोलिसाचं नावही काढलं नव्हतं. आन थंडीले घाबरून नणंद येत नाही, असं कोणत्या गावात असते?

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुझा एक्स-रे उघडून पाहिला. मले डॉक्टरकी येत नाही. पण अकरा वर्षं झाली, दिवसाचे तीस-चाळीस हात पाहते. माणूस पडते तेव्हा आपसूक हात टेकवते. मंग मनगट मोडते, नाही तं दोन्ही हाडं मोडतात. तुझं मनगट शाबूत आहे. अंगठ्याच्या बाजूचं हाड शाबूत आहे. एकटं करंगळीच्या बाजूचं हाड मोडलं, मधोमध, आडवं. हे असं कधी मोडते माहीत आहे? डोक्यावर काठी येऊन राहिली आन माणसानं हात वर धरला, तेव्हा. आमच्याकडे नवीन पोरगी लागली की पहिल्याच हप्त्यात हे शिकवतात. मीच शिकवते.

मी एक्स-रे बंद केला. मंग तोंड धुऊन आली आन बाकीच्या फाईली केल्या.

कोणं मारलं हे विचारत नाही. त्या घरात काठी उचलणारा एकच माणूस आहे. त्याले मी कडेवर वागवला, अंजू. माय रोवण्याले जायची आन मी शाळा बुडवून त्याले दूध-भात चारायची. त्याले ताप आला तं मी नवस बोलायची. त्याच्याच हातानं हे झालं म्हटल्यावर मले माझीच चीड येऊन राहिली. हे पत्रात लिहायचं नव्हतं, पण आता खोडत नाही.

आता नीट वाच. मी माझ्या मनानं "मारहाण" लिहू शकत नाही. डॉक्टरनं लिहिलं तेच मले टाकता येते. पण शंका आली तं मी डॉक्टरले लेखी विचारू शकते. मंग डॉक्टर तुले विचारन, आन तू सांगशील ते तो लिहीन. म्हणजे सगळं तुझ्या तोंडावर आहे. मारहाण लिहिलं की पोलिसाचा कागद लागते, हे तुले कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं दिसते. त्या रकान्याखाली आणखी एक रकाना आहे, कोणी मारलं त्याचा. त्यात पहिला नंबर नवऱ्याचा आहे. ज्यायनं तो रकाना बनवला त्यायले दुनिया माहीत होती.

आपलेच दात आन आपलेच ओठ, मले समजते. तरी खरं सांग. ३१ तारखेपर्यंत फाईल माझ्या हातात आहे.

शुभांगी

---

आंधळगाव
१८ डिसेंबर

ताई,

खरं पायजे ना तुमाले? घ्या.

अठराले खळ्यावर मळणीची मशीन आली होती. मशीनवाल्यानं मले विचारलं, वहिनी, आधी कोणता पुंजणा घेऊ? हे थोडे दूर उभे होते. मी म्हटलं, जाड्या धानाचा घ्या. एवढंच, ताई. तिथं चार माणसं होते. हे काईच बोलले नाई. दिवसभर लोकायसंग हासत होते, मले पाणी बी आणून देल्लं. मले वाटलं आज बरं आहे.

घरी आल्यावर हातपाय धुतले, डिंपलले बिस्किटाचा पुडा देल्ला आन अंगणात जा म्हणे. मंग दाराची कडी लावली. कुऱ्हाडीसाठी नवा दांडा आणून ठेवला होता, तो घेतला. "आता सांग, आधी कोणता पुंजणा?" म्हणे. मी हासली, ताई. मले वाटलं मजाक करून राहिले. पहिला तडाखा डोस्क्यावर येऊन राहिला होता, हात आपोआप वर गेला. कटकन आवाज आला. मले वाटलं दांडा तुटला. दांडा साबूत होता. मंग पाठीवर, मंग टोंगळ्यावर. खाली पडली तं कमरेत लाथा. माझाच पदर माझ्या तोंडात कोंबला. तोंड दाबून बुक्क्यायचा मार म्हणतात ना, मी ते नुसतं म्हणणं समजत होती. एकेका तडाख्याले तेच विचारत होते, कोणता पुंजणा, कोणता पुंजणा. माझ्या तोंडात पदर, मी सांगू कशी?

तुमच्या माय ओसरीत होत्या. त्यायनं टीव्हीचा आवाज वाढवला. सारं झाल्यावर हळद घालून दूध आणलं आन म्हणे, पी, आन कोणाले सांगू नको. रात निंगाली. सकाळी दवाखान्यात नेलं. डॉक्टरपुढे हे माझ्याहून जास्त रडले. रोवणा म्हणे, धुरा म्हणे, मी नुसती मान हालवली. विहिरीत फोन पडला नाई ताई, टाकला. डिंपलनं आपटला हे मायनं जोडलं.

आता तुमचं सांगते, राग आला तं येऊ द्या. एक्स-रे पाहून तुमी ओळखलं, शाबास. पण तीन वर्षाआधी माझ्या मावसबहिणीच्या, राखीच्या लग्नाच्या वक्ती मी नागपूरले तुमच्या घरी उतरली होती. होठ फाटून होता, कानाखाली रक्त सुकून होतं. तुमी मलम लावून देल्लं आन म्हटलं, "संसारात भांड्याले भांडं लागतेच, अंजू. तूच जीभ थोडी आवर." तवा एक्स-रे नोहता म्हणून दिसलं नाई काय? माझं तोंड तं तुमच्या समोरच होतं.

दिवाळीत माहेरी नाकाडोंगरीले जाऊन बाबाले सांगतलं. ते म्हणे, लहानीचं लग्न होऊ दे, तवापर्यंत दम धर. माझा दम किती आहे ते कोणी मोजलं नाई.

दोन दिवसापासून तुमचं पत्र चुलीमागे ठेवून आहे. शकुनबाई म्हणते, सांगून टाक, नाई तं पुढल्या वक्ती तुझी तिरडी निंगन. मलेबी तसंच वाटते. म्हणून आता हाव म्हणते. २७ तारखेले पट्टी पाहायले दवाखान्यात जाचं आहे. तुमी त्याच्या आधी डॉक्टरले तुमची शंका पाठवा. यायले बाहेर बसवून मले एकटीले विचारा म्हणा. यायच्यासमोर माझं तोंड उघडणार नाई. एकटीले विचारलं तं सारं सांगीन. बम भेव लागून राहिलं, पण सांगीन.

२७ तारीख, ताई. विसरू नका.

अंजू

---

नागपूर
३० डिसेंबर

अंजू,

हे पत्र लिहायले तीन दिवस लावले. आधी पूर्ण वाच, मंग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

२७ ले डॉक्टरनं तुले एकटीले काहीच विचारलं नसन. मी शंका पाठवलीच नाही. २४ तारखेले फाईलवर "पडली" टाकून पास करून देल्ली.

तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी मी मनिषले फोन लावला. राहवलंच नाही. तू लिहिलं हे सांगितलं नाही, एक्स-रे पाहून समजलं असं म्हटलं. रविवारी तो मायले घेऊन नागपूरले आला. मी दारातच त्याले दोन थोबाडीत ठेवून देल्ल्या. त्यानं निमूट खाल्ल्या. मंग माझ्या पायावर डोकं ठेवून रडला. म्हणे, ताई, डोकं फिरलं होतं, डिंपलच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, आता बोट लावणार नाही. मायनं पदर पसरला. पोलिसाचा कागद झाला तं ठेकेदार त्याले उभाही करणार नाही, म्हणे. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणे. तूच त्याले वाढवलं, तूच आता त्याले जेलात घालशील काय, म्हणे.

मी दगड नाही, अंजू. सोमवारी दिवसभर तो रकाना रिकामा ठेवून बसली. मंगळवारी टाकला. एवढा मोठा धाक बसल्यावर माणूस सुधरत असते असं मले वाटते. परत त्यानं हात उचलला तं पहिली मीच ठाण्यात जाईन. माझी शपथ.

मायच्या हातानं तुझ्यासाठी जांभळी साडी पाठवली आहे. संक्रांतीले नेस.

शुभांगी

---

भंडारा, दवाखान्यातून
२० जानेवारी २०२५

ताई,

२७ ले मी दवाखान्यात गेली होती. डॉक्टरनं पट्टी सोडली, बोटं हालवून पाहिली, चांगलं आहे म्हणे, महिन्यानं या. मी उठली नाई. मले वाटलं आता यायले बाहेर पाठवतीन. मी खुर्चीवर बसूनच राहिली. नर्स म्हणे, झालं ना बाई, दुसऱ्या पेशंटले बसू द्या. गाडीवर घरी येईपर्यंत मले वाटत होतं, कोणीतरी मागून आवाज देईन.

मंग तुमचं पत्र आलं. त्याच्या आधी साडी आली होती.

दहा तारखेले बिल पास झाल्याचा कागद यायच्या फोनवर आला. यायनं तो छापून आणला आन मायले वाचून दाखवला. मंग घडी करून खिशात ठेवला. त्या दिवसापासून काईबी झालं की खिशावर हात थोपटत. भाजी करपली, थोपटलं. दार उघडायले उशीर झाला, थोपटलं.

संक्रांतीच्या दुपारी मी शकुनबाईकडे हळदीकुंकवाले गेली. अर्धा घंटा जास्त लागला. घरात पाय ठेवला तं माझ्या केसायले धरून आत ओढलं. "आता कुठून पडशील?" म्हणे. "बंडीवरून पडशील का धुऱ्यावरून? कागदावर लिहून आहे, तू पडणारी बाई आहे. माझ्या बहिणीनं लिहिलं." मी म्हटलं, मी साऱ्या गावाले सांगीन. मी म्हटलं हे खरं आहे. तुमाले लिहिलं तवापासून माझ्या तोंडाले तेवढं बळ आलं होतं.

यायनं माझा डावा हात उंबरठ्यावर ठेवला. मनगटावर पाय देल्ला. पाट्यावरचा वरवंटा घेतला आन दोनदा आपटला. पहिल्यानं दुसरं हाड मोडलं. दुसऱ्यानं आतली प्लेट वाकली आन कातडी फाडून वर आली. मी पाहिली ती, चमकत होती. ओरडायले आवाज निंगेना. डिंपल दारात उभी होती, तिनं सारं पाहिलं. तीच ओरडत रस्त्यावर पळाली. शकुनबाई आन दोन माणसं आत घुसले, तवा तिसऱ्या वक्ती वरवंटा वर होता. कुठं पडनार होता ते मले माहीत नाई. डोस्क्यावर म्हणते शकुनबाई.

सोळाले ऑपरेशन झालं. जुनी प्लेट काढली, आता दोन टाकल्या. तीन बोटं हालत नाईत. हालतीन का नाई, डॉक्टर सांगत नाईत.

यावक्ती डॉक्टरनं आपणहून यायले बाहेर पाठवलं. मले विचारलं. मी सांगतलं. पोलिस बी आले, खाटेवर बयान घेतलं. पण तुमच्या भावानं तो खिशातला कागद त्यायच्या हाती देल्ला. म्हणे, साहेब, हिले पडायची सवयच आहे, मागच्या वक्ती बी पडली होती, पहा, माझ्या सख्ख्या बहिणीनं लिहिलं, ती तं याच कामातली आहे. शकुनबाईचं आन आमचं धुऱ्यावरून भांडण आहे, म्हणून ते खोटं बोलते, म्हणे. मायनं सांगतलं, मी मोरीत होती, मले काई माहीत नाई. साहेब मले म्हणे, बाई, पहिल्या वक्ती तुमी पडल्या असं लिहून आहे, आन आता म्हणता तवाबी मारलं होतं. मी यातलं काय धरू?

मी म्हटलं, तो कागद लिहिणारी बाई येऊन सांगन.

सोमवारी, २७ तारखेले, सकाळी अकराले, आंधळगावच्या ठाण्यात. तुमच्या भावाले बी तवाच बोलावलं आहे. मले भेटायले इकडे येऊ नका, तुमचं तोंड पाहाची इच्छा नाई. आधी तिकडे जा. नाई गेल्या तं मी असं धरीन, का पहिला वरवंटा तुमच्या भावाचा होता आन दुसरा तुमचा.

अंजू

---

नागपूर
२८ जानेवारी

अंजू,

गेली होती.

तुझं पत्र गुरुवारी आलं. शुक्रवारी सकाळी ऑफिसच्या साहेबाच्या केबिनीत गेली आन सांगितलं, माझ्या भावजयीची फाईल मी केली, नातं लपवलं, शंका असून विचारलं नाही, खोटं आहे हे माहीत असून पास केली. साहेब म्हणे, तुम्ही अकरा वर्षं काम केलं, तुमच्याकडून हे? संध्याकाळी गळ्यातलं ओळखपत्र ठेवून घेतलं. पहिली फाईल परत उघडायचा अर्ज माझ्या सहीनं देऊन आली. नोकरीचं दुःख नाही असं म्हणणार नाही, बम दुःख आहे. पण तुले ते ऐकवायचा मले हक्क नाही.

सोमवारी साडेदहाले ठाण्यात पोहोचली. मनिष बाकावर बसून होता. मले पाहून हासला. हवालदाराले म्हणे, आली पहा माझी ताई, आता विचारा. माय त्याच्यासाठी डबा घेऊन आली होती. तिनं माझा हात धरला आन म्हणे, एवढं एक कर बाई, मंग काही मागणार नाही.

मी हात सोडवला आन आत जाऊन बसली. तुझं १८ डिसेंबरचं पत्र ठाणेदार साहेबापुढे ठेवलं. तुले न विचारता ठेवलं, पण त्यात तारीख होती आन ते दुसऱ्या माराच्या आधीचं होतं. एक्स-रे दाखवून समजावलं, पडल्यावर कोणतं हाड मोडते आन मारल्यावर कोणतं. साहेबानं स्वतःचा हात वर धरून पाहिला. मंग विचारलं, हे तुम्हाले कधी समजलं? मी म्हटलं, १३ डिसेंबरले. मंग "पडली" असं कधी लिहिलं? २४ डिसेंबरले. काहून लिहिलं? मी म्हटलं, भाऊ आहे म्हणून. कोणी पैसे देल्ले काय? नाही साहेब, रडून दाखवलं.

मनिष दारातून ऐकत होता. आधी म्हणे, ताई, तू काय बोलून राहिली? मंग शिव्या सुरू झाल्या, आपल्या घरात मी कधी ऐकल्या नाहीत अशा. मंग खुर्ची उचलून माझ्या अंगावर आला. खुर्ची खांद्यावर बसली, बुक्की तोंडावर. दोघा शिपायांनी त्याले खाली पाडलं, तरी तो पायानं मारतच होता. माझा खालचा होठ फाटला, एक दात हालते. जमिनीवर पडल्या पडल्या त्याचा चेहरा पाहिला आन मले समजलं, तुले रोज हा चेहरा दिसत होता. मले आजवर दुसराच दाखवत होता. मले भेव वाटलं, अंजू. मी तं ठाण्यात होती, चार पोलिसायच्या मधात. तू बंद दाराआड होती.

त्याले आत टाकलं. माय डबा तिथंच ठेवून उठली. माझ्या तोंडातलं रक्त तिले दिसलं, पण तिनं पदर पुढे केला नाही. म्हणे, आजपासून मले एकच लेकरू आहे, आन तो आत आहे. मंग निंगून गेली.

शकुनबाईनं सांगितलं, डिंपल तिच्याजवळ आहे, जेवते, पण बोलत नाही. तिले मी नागपूरले आणायचं म्हणत नाही. तू म्हणशील तिथं ती राहीन. तू बोलावशील तेव्हाच मी भंडाऱ्याले येईन, नाही बोलावलं तं येणार नाही.

एक गोष्ट राहिली. ती तुले बयानात वाचायले मिळनच, पण माझ्या हातानं लिहिलेली तुझ्याजवळ असावी म्हणून लिहिते. सगळं उतरवून झालं, मी सही करायले पेन घेतलं, तेव्हा साहेबानं विचारलं, "बाई, तुम्ही त्या दिवशी ती शंका डॉक्टरले पाठवली असती, तं दुसऱ्यांदा झालं ते टळलं असतं काय?"

मी म्हटलं, टळलं असतं.

साहेबानं कागद परत आपल्याकडे ओढला. म्हणे, "हे लिहू काय? हे तुमच्यावरच येईन."

मी म्हटलं, लिहा.

शुभांगी